एक रात्र आणि पुढची पन्नास वर्षं

दक्षिण कॅरोलायना राज्यानं १८३४ साली एक कायदा केला. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा त्या कायद्यानं गुन्हा ठरला. शिकवणारा गोरा असेल तर दंड आणि तुरुंग, कृष्णवर्णीय असेल तर फटके. त्यानंतर पाच वर्षांनी, ५ एप्रिल १८३९ रोजी, त्याच राज्यातल्या ब्यूफर्ट गावी प्रिन्स स्ट्रीटवरच्या एका मोठ्या घराच्या परसात, नोकरांच्या खोपटात एक मुलगा जन्माला आला. त्याची आई लिडिया त्या घरातली गुलाम होती, म्हणून मुलगाही जन्मतःच त्या घराच्या मालकीचा झाला. त्याचं नाव रॉबर्ट ठेवलं.

हाच रॉबर्ट स्मॉल्स १८६८ साली त्याच राज्याच्या घटनासमितीत बसला आणि राज्यातल्या प्रत्येक मुलाला मोफत शाळा मिळालीच पाहिजे, असा ठराव त्यानं मांडला. या दोन टोकांच्या मधोमध एका आगबोटीची गोष्ट आहे. अमेरिकेत ती अलीकडे पुन्हा सांगितली जाऊ लागली आहे, आपल्याकडे ती फारशी पोचलेली नाही. ती सांगण्यासारखी आहेच. पण बोटीची गोष्ट सांगून थांबणं हा स्मॉल्सवर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. एका रात्रीत जे मिळवलं ते राखायला त्याला पुढची पन्नास वर्षं झुंजावं लागलं, आणि ती झुंज अक्षरांसाठी आणि मतांसाठी होती.

आईनं दाखवलेला खांब

लिडिया मूळची ब्यूफर्टसमोरच्या लेडीज आयलंड बेटावरच्या मळ्यातली. लहान वयातच मालकानं तिला तिथून उचलून गावातल्या घरी कामाला आणलं. त्यामुळे तिच्या मुलाच्या वाट्याला मळ्यातले हाल आले नाहीत. मालक हेन्री मॅकी याचा त्याच्यावर लोभही होता. आईला नेमकी याचीच भीती वाटे. मालकाच्या मायेत वाढलेला पोरगा आपण गुलाम आहोत हेच विसरेल आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी कोसळेल, असं तिला वाटलं. म्हणून तिनं त्याला मुद्दाम गुलामांचा लिलाव दाखवला, गुलामांना बांधून फटके मारायचा खांब दाखवला.

पोरगा ते पाहून भ्याला नाही, बिथरला. रात्रीची घंटा झाल्यावर गुलामांनी रस्त्यावर फिरायचं नाही, हा गावचा नियम तो मोडू लागला आणि कोठडीत जाऊ लागला. हा इथं राहिला तर एक दिवस जिवाला मुकेल, हे ओळखून लिडियानंच मॅकीला गळ घातली की याला चार्ल्सटनला पाठवा. १८५१ साली बारा वर्षांचा रॉबर्ट त्या मोठ्या बंदरात येऊन पडला.

चार्ल्सटनमध्ये गुलाम भाड्यानं द्यायची रीत होती. मालक आपल्या घरी राही, गुलाम शहरात मजुरी करी आणि मजुरी मालकाच्या खिशात जाई. अशा गुलामाजवळ नगरपालिकेचा तांब्याचा बिल्ला असावा लागे. त्यावर कामाचा प्रकार, क्रमांक आणि साल कोरलेलं असे. रॉबर्टनं आधी हॉटेलात वाढप्याचं काम केलं, मग रस्त्यावरचे दिवे लावले, मग तो धक्क्यावर गेला. तिथं त्यानं माल चढवला-उतरवला, शिडं शिवली, दोरखंड बांधले आणि शेवटी बोटीचं सुकाणू हाती घेतलं. त्याच्या वाट्याला आठवड्याचा एक डॉलर येई.

चार्ल्सटनचं बंदर दिसतं तितकं सोपं नाही. वाळूचे दांडे, अरुंद खोल वाटा, भरती-ओहोटीचे उलटसुलट प्रवाह यांतून बोट काढायला वर्षांचा सराव लागतो. नकाशा वाचायची सोय नसलेल्या रॉबर्टनं तो सगळा नकाशा पाण्यावरच पाठ केला. पुढं त्याच्या तोडीचे वाटाडे त्या बंदरात मोजकेच उरले. तरी कृष्णवर्णीयाला पायलट म्हणायचं नाही, हा दंडक होता. काम पायलटचं, पण हुद्दा नुसता चाक धरणाऱ्याचा.

१८५६ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी त्यानं हॅना जोन्सशी लग्न केलं. हॅनाही गुलाम होती, हॉटेलात खोल्या झाडण्याचं काम करी. तिचा मालक वेगळा. १८५८ साली त्यांना मुलगी झाली. आईच्या पोटी आलेलं मूल आईच्या मालकाचं, हा कायदा असल्यानं रॉबर्टची मुलगी त्याची नव्हती. तो मालक उद्या पैशाच्या अडचणीत आला तर मायलेकींना वेगवेगळ्या राज्यांत विकू शकत होता. रॉबर्टनं त्याच्याशी बोलणी केली आणि बायको-मुलीची किंमत ठरली ८०० डॉलर. आठवड्याच्या डॉलरातून ती रक्कम कधी उभी राहायची? तो वरकड कामं करू लागला, फळं-तंबाखू विकू लागला. १८६१ साली मुलगा झाला, आणि त्याच वर्षी युद्ध सुरू झालं.

नाकेबंदीच्या दोन बाजू

अमेरिकेच्या यादवी युद्धाचे पहिले गोळे याच बंदरात सुटले. १२ एप्रिल १८६१ रोजी देशातून फुटून निघालेल्या, गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेच्या राज्यांच्या सैन्यानं बंदराच्या तोंडावरच्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर मारा केला आणि तो जिंकला. उत्तरेचं उत्तर समुद्रातून आलं. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या सगळ्या किनाऱ्याची नाकेबंदी पुकारली. चार्ल्सटनच्या बाहेर, तोफांच्या टप्प्यापलीकडे, उत्तरेची जहाजं पहारा देऊ लागली. दक्षिणेचा कापूस बाहेर पडेना.

या नाकेबंदीचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि अमेरिकेचा बंद झाला होता. मग मुंबईच्या बंदरातून खानदेश-वऱ्हाडचा, गुजरातचा कापूस चढ्या भावानं लिव्हरपूलला जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचा बाजार वेडा झाला आणि १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपताच तो कोसळला. मुंबईचा तो काळ आपण नेहमी सांगतो. त्याच नाकेबंदीच्या जहाजांकडे चार्ल्सटनच्या धक्क्यावरचे गुलाम कोणत्या नजरेनं पाहत होते, ते मात्र आपल्या त्या गोष्टीत येत नाही. त्यांना क्षितिजावरच्या त्या डोलकाठ्यांत सुटका दिसत होती.

रॉबर्टला आणखी एक गोष्ट कळली होती. ७ नोव्हेंबर १८६१ रोजी उत्तरेच्या आरमारानं पोर्ट रॉयलची खाडी जिंकली आणि ब्यूफर्टचे मळेवाले घरदार टाकून पळाले. गुलाम मागं राहिले. त्याची आई आता मुक्त मुलखात होती. मधे होता तो थोडा किनारा आणि चार्ल्सटन बंदराचे किल्ले.

१३ मे १८६२

प्लँटर ही सुमारे दीडशे फूट लांबीची, दोन्ही बाजूंना चाकं असलेली, लाकडावर चालणारी आगबोट होती. बांधली होती कापूस वाहायला. युद्धात दक्षिणेच्या सैन्यानं ती भाड्यानं घेतली, तिच्यावर दोन तोफा चढवल्या आणि तिला सैनिक, दारूगोळा, निरोप वाहायच्या कामाला लावलं. उथळ पाण्यातही ती चाले, म्हणून ती फार उपयोगाची होती. तिच्यावर कॅप्टन, पायलट आणि इंजिनिअर असे तीन गोरे अधिकारी होते. बाकीचे खलाशी गुलाम. सुकाणूवर रॉबर्ट.

रात्री अधिकाऱ्यांनी बोटीवरच थांबावं, असा सैन्याचा स्पष्ट हुकूम होता. प्लँटरचे अधिकारी तो अधूनमधून मोडत आणि घरी जात. बोट गुलामांवर सोपवताना त्यांना धोका वाटत नसे. ही माणसं एवढी मोठी गोष्ट आखू शकतील, ही शंकाच त्यांच्या मनाला शिवत नव्हती. सांगतात की एकदा एका खलाशानं गमतीनं कॅप्टनची गवती हॅट रॉबर्टच्या डोक्यावर ठेवली आणि हसत म्हटलं की तू हुबेहूब कॅप्टन दिसतोस. बाकीचे हसले. रॉबर्टनं मात्र ती गोष्ट मनात धरली.

बेत त्यानं हॅनाला सांगितला. पकडले गेलो तर मरण आहे, हेही सांगितलं. दोन लहान मुलांच्या आईनं विचार केला आणि तो जिथं जाईल तिथं आपण येणार, असं कळवलं. खलाशांनीही एकमतानं ठरवलं की जिवंत हाती लागायचं नाही. अडवलं तर लढायचं, लढता आलं नाही तर बोट बुडवायची.

१२ मे रोजी प्लँटर कोल्स आयलंडवर गेली. तिथलं ठाणं सैन्य मोडत होतं. तिथून चार तोफा आणि दारूगोळा चढवून ती संध्याकाळी चार्ल्सटनच्या धक्क्याला लागली. तो धक्का बंदराच्या सेनापतीच्या, जनरल रिप्लीच्या, कचेरीसमोरच होता. तोफा दुसऱ्या दिवशी बंदरातल्या किल्ल्यांवर पोचवायच्या होत्या. अधिकारी आपापल्या घरी गेले.

पहाटे तीनच्या सुमारास बॉयलर पेटला. इंजिनावर आल्फ्रेड गोर्डाइन आणि जॉन स्मॉल हे दोघे होते, तेही गुलामच. रॉबर्टनं कॅप्टनचा कोट अंगावर चढवला, हॅट डोळ्यांवर ओढली. दक्षिणेचा आणि राज्याचा असे दोन्ही झेंडे चढवले. धक्क्यावरच्या पहारेकऱ्यानं बोट सुटताना पाहिली, पण कॅप्टनच निघाला असणार असं समजून त्यानं हटकलं नाही. बोट आधी उलट दिशेनं दुसऱ्या धक्क्याकडे गेली. तिथं आडोशाला हॅना, मुलं आणि खलाशांच्या घरच्या बायका दबून बसल्या होत्या. त्यांना घेऊन बोट बंदराच्या तोंडाकडे वळली. त्या बोटीवर आता १६ जण होते. आठ पुरुष, पाच बायका, तीन मुलं.

घाईचा मोह दाबून ठेवणं, हेच त्या पहाटेचं खरं कौशल्य होतं. पूर्ण वेगानं गेलं असतं तर संशय आला असता. रॉबर्टनं बोट रोजच्याच चालीनं हाकली. एकेक ठाणं आलं तसतशी शिटीची खूण दिली. खुणा त्याला पाठ होत्या, वर्षभर तो त्याच ऐकत आला होता. पहाटे साडेचारच्या सुमारास फोर्ट सम्टर आला. किनाऱ्यावरच्या सगळ्यांत मोठ्या तोफा तिथं होत्या. खलाशांनी किल्ल्यापासून जरा लांबून जाऊ, असं सुचवलं. रॉबर्ट नाही म्हणाला. रोज जातो तसंच जायचं. त्यानं चाकाच्या खोलीच्या खिडकीत कॅप्टन उभा राहतो तसा हात बांधून टेका दिला, हॅट खाली ओढली आणि शिटी दिली. दोन लांब, एक तुटक. पहारेकऱ्याला दिसली ती ओळखीची बोट आणि ओळखीची आकृती. त्यानं जाऊ दिलं.

नेहमीप्रमाणे मॉरिस आयलंडकडे वळायच्या जागी प्लँटर सरळ समुद्राकडे निघाली, तेव्हा किल्ल्याला कळलं. तोवर ती तोफांच्या टप्प्याबाहेर गेली होती.

धोका संपला नव्हता. समोर धुक्यातून उत्तरेचं ऑनवर्ड जहाज येत होतं आणि त्याला एक शत्रूची बोट आपल्यावर चालून येताना दिसत होती. तोफा रोखल्या गेल्या. प्लँटरवरचे दोन्ही झेंडे उतरले आणि त्या जागी एक चादर चढली. हॅनानं ती आपल्या हॉटेलातून आणली होती. पहाटेच्या अंधुक उजेडात ती चादर कुणाच्या तरी नजरेला पडली आणि तोफ डागली गेली नाही. ऑनवर्डचे अधिकारी बोटीवर आले तेव्हा रॉबर्टनं हॅट काढून नमस्कार केला आणि सांगितलं की अमेरिकेच्या सरकारच्याच काही तोफा परत आणल्या आहेत. तेव्हा त्याचं वय २३ होतं.

बोटीपेक्षा मोलाचं त्याच्या डोक्यात होतं. पाण्यात कुठं सुरुंग पेरले आहेत, कुठल्या ठाण्यावर किती तोफा आहेत, हे त्यानं सांगितलं. सांकेतिक खुणांचं पुस्तकही बोटीबरोबर हाती आलं. कोल्स आयलंड रिकामं झाल्याची बातमी खरी निघाली आणि आठवड्याभरात उत्तरेच्या सैन्यानं ते न लढता घेतलं. आरमाराचा प्रमुख ड्यू पाँट यानं वॉशिंग्टनला पाठवलेल्या अहवालात या माणसाच्या बुद्धीची मोकळेपणानं वाखाणणी केली. ३० मे रोजी लिंकन यांच्या सहीनं कायदा झाला की बोटीच्या किमतीतला अर्धा वाटा तिच्या खलाशांना द्यावा. पण किंमत फारच कमी धरली गेली. रॉबर्टच्या वाट्याला १,५०० डॉलर आले. बायको-मुलीच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट रक्कम आता त्याच्या हातात होती आणि ती किंमत मोजायची गरज राहिली नव्हती.

सैनिक आणि विद्यार्थी

तिथंच थांबून त्यानं सुखानं संसार केला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. ऑगस्ट १८६२ मध्ये तो वॉशिंग्टनला गेला. कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्या, अशी मागणी घेऊन जाणाऱ्यांत तो होता. तोवर सरकार या प्रश्नावर कचरत होतं. २५ ऑगस्ट रोजी युद्धमंत्री स्टँटन यांनी जनरल सॅक्स्टन यांना ५,००० पर्यंत कृष्णवर्णीय सैनिक भरती करायची परवानगी दिली. ते पत्र घेऊन स्मॉल्स किनाऱ्यावर परतला. कृष्णवर्णीयांच्या लायकीचा नुसता शाब्दिक वाद चाललेला असताना हा माणूस स्वतःच त्या वादाचं उत्तर होता.

पुढं तो उत्तरेच्या जहाजांचा पायलट झाला. ज्या बंदरानं त्याला पायलट म्हणायचं नाकारलं, त्याच बंदराच्या वाटा तो आता उत्तरेच्या आरमाराला दाखवत होता. ७ एप्रिल १८६३ रोजी किओकक या चिलखती जहाजानं फोर्ट सम्टरवर हल्ला केला तेव्हा चाक त्याच्या हाती होतं. जहाजाला नव्वदच्या वर गोळे लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुडालं. स्मॉल्स वाचला. त्याच वर्षी डिसेंबरात प्लँटर दोन्हीकडच्या माऱ्यात सापडली. तिचा गोरा कॅप्टन घाबरून कोळशाच्या कोठारात लपला. स्मॉल्सनं बोट ताब्यात घेऊन ती माऱ्यातून बाहेर काढली. शरण गेलो असतो तर गोऱ्यांना युद्धकैदी म्हणून वागवलं असतं, त्याच्यासारख्यांना मात्र दया मिळाली नसती, हे त्याला ठाऊक होतं. या कामगिरीनंतर त्याला त्याच प्लँटरचा कॅप्टन केलं गेलं.

१८६४ साली बोट दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियाला गेली आणि स्मॉल्स तिथं काही महिने राहिला. या मुक्कामात त्यानं शिक्षक ठेवून लिहायला-वाचायला शिकायला घेतलं. वय २५, नाव देशभर गाजलेलं, हाताखाली बोट, आणि समोर मुळाक्षरं. मला त्याच्या आयुष्यातला हा टप्पा सम्टरच्या पहाटेइतकाच धैर्याचा वाटतो. त्याच शहरात त्याला घोड्यांच्या ट्राममध्ये बसू दिलं नाही. कृष्णवर्णीयांनी बाहेरच्या फळीवर उभं राहावं, असा नियम होता. तो उतरला आणि पावसात चालत गेला. त्यावरून शहरात खळबळ माजली, चळवळीला जोर चढला आणि १८६७ साली पेनसिल्वेनिया राज्यानं ट्राममधला हा भेदभाव कायद्यानं बंद केला.

घर आणि शाळा

ब्यूफर्टमधले मळेवाले पळाले तेव्हा त्यांच्या घरांचे कर थकले आणि सरकारनं ती लिलावात काढली. ज्या घराच्या परसात स्मॉल्स गुलाम म्हणून जन्मला, ते प्रिन्स स्ट्रीटवरचं घर त्यानं विकत घेतलं. आधीच्या गोऱ्या मालकानं ते परत मिळवायला दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल स्मॉल्सच्या बाजूनं लागला. अशा लिलावात घरं-जमिनी घेतलेल्या अनेकांचा हक्क या निकालानं पक्का झाला. कुटुंबात एक गोष्ट सांगितली जाते. वार्धक्यात स्मृती हरवलेली मॅकीची बायको एक दिवस आपलं घर समजून तिथं आली आणि स्मॉल्सनं तिला आत घेऊन तिची जुनी खोली राहायला दिली.

गावात नवं वारं होतं. शेजारच्या सेंट हेलेना बेटावर लॉरा टाउन या उत्तरेकडून आलेल्या बाईंनी १८६२ मध्येच मुक्त झालेल्यांसाठी पेन स्कूल सुरू केलं होतं. मुलांच्या शेजारी त्यांच्या आया आणि आजोबा बसून अक्षरं गिरवत होते. स्मॉल्सनं ब्यूफर्टात शाळेसाठी एक दुमजली इमारत विकत घेतली.

युद्धानंतर संसदेनं दक्षिणेच्या राज्यांना नवी घटना करायला लावली आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला. दक्षिण कॅरोलायनात लोकसंख्येत बहुसंख्य तेच होते. १८६८ साली चार्ल्सटनला घटनासमिती भरली तेव्हा तिच्यात निम्म्याहून अधिक सभासद कृष्णवर्णीय होते, आणि त्यांतले कित्येक काही वर्षांपूर्वी गुलाम होते. ब्यूफर्टचे प्रतिनिधी म्हणून आलेले स्मॉल्स यांनी तिथं सर्व मुलांसाठी मोफत आणि सक्तीच्या सरकारी शाळांचा ठराव मांडला. त्या राज्यात तोवर सर्वांसाठी अशी शिक्षणाची व्यवस्था कधीच नव्हती. गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही ती याच घटनेनं मिळाली. ज्याला अक्षर शिकवणं गुन्हा होता, त्यानं अक्षर सर्वांचा हक्क केला.

इथं मला जोतीराव फुल्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. त्या वर्षी स्मॉल्स राज्याच्या सिनेटमध्ये बसत होते. १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली, तेव्हा दक्षिण कॅरोलायनातल्या त्या ठरावाला चौदा वर्षं झाली होती. दोघांची कधी गाठ पडली नाही. पण माणसाला दास ठेवायचं तर आधी त्याच्या हातून अक्षर काढून घ्यावं लागतं, आणि मुक्त करायचं तर ते आधी द्यावं लागतं, या एकाच निष्कर्षावर पुण्याचा हा विचारवंत आणि ब्यूफर्टचा तो पायलट आपापल्या अनुभवातून पोचले होते.

परत फिरलेली लाट

१८७५ मध्ये स्मॉल्स वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात गेले. पुढच्या बारा वर्षांत ते पाच वेळा तिथं बसले. पण राज्यातली हवा पालटत होती. जुलै १८७६ मध्ये हॅम्बर्ग गावी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावानं कृष्णवर्णीय मिलिशियावर हल्ला केला आणि शरण आलेल्यांपैकी काहींना गोळ्या घातल्या. स्मॉल्स यांनी ती हकिगत संसदेत मांडली आणि राज्यातली केंद्राची फौज काढून घेऊ नका, अशी विनवणी केली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत लाल सदरे घातलेल्या टोळ्यांनी दहशत माजवली. १८७७ मध्ये केंद्राचं सैन्य निघून गेलं आणि राज्य पुन्हा जुन्या लोकांच्या हाती गेलं.

नव्या सत्ताधाऱ्यांनी स्मॉल्स यांच्यावर छपाईच्या कंत्राटात ५,००० डॉलर लाच घेतल्याचा खटला भरला. तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी आरोप शेवटपर्यंत नाकारला. १८७९ मध्ये राज्यपालांनी त्यांना माफी दिली. त्या बदल्यात केंद्रानं गोऱ्या पुढाऱ्यांवरचे निवडणुकीतल्या गुन्ह्यांचे खटले मागं घेतले. स्मॉल्स यांना राजकारणातून उठवणं हा त्या खटल्यामागचा हेतू होता, याची याहून स्पष्ट कबुली कोणती असू शकते? ते उठले नाहीत, पुन्हा निवडून गेले.

शेवटची लढाई १८९५ ची. राज्यानं नवी घटनासमिती बोलावली आणि कृष्णवर्णीयांचं मत काढून घेणं हे तिचं उघड उद्दिष्ट होतं. तिच्यात कृष्णवर्णीय सभासद उरले होते फक्त सहा, त्यांतले पाच ब्यूफर्टचे. स्मॉल्स तेव्हा ५६ वर्षांचे होते. मतदारानं घटनेतला परिच्छेद वाचून दाखवावा किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगावा, असं कलम आलं. उत्तर बरोबर की चूक हे गोरा अधिकारी ठरवणार. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वाचायला बंदी केली, त्यांना आता वाचता येत नाही म्हणून मत नाकारायचं ठरलं होतं.

स्मॉल्स यांनी तिथं भाषण केलं. आपल्या समाजाला कुणाच्या खास कैवाराची गरज नाही, त्यांचा इतिहासच त्यांची बरोबरी सिद्ध करतो, त्यांना हवी आहे ती फक्त जगण्याच्या लढाईत समान संधी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. युद्धानंतर दक्षिणेत किती कृष्णवर्णीयांचे खून झाले, हेही त्यांनी समितीला सुनावलं. ठराव बहुमतानं पास झाला. अंतिम घटनेवर सही करायला त्यांनी नकार दिला. सही न करणाऱ्यांना प्रवासखर्च देऊ नये, असं कुणी सुचवलं तेव्हा ते म्हणाले की सही करण्यापेक्षा मी चालत घरी जाईन.

पुढची बरीच वर्षं ते ब्यूफर्टच्या जकात कचेरीचे प्रमुख होते. १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या राजवटीत ती जागाही गेली. २३ फेब्रुवारी १९१५ रोजी ते प्रिन्स स्ट्रीटवरच्या त्याच घरात वारले. त्यांचं नाव दक्षिणेच्या इतिहासाच्या पुस्तकांतून फार काळ पुसलेलं राहिलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या आरमारानं चॅन्सलर्सव्हिल या क्रूझरचं नाव बदलून रॉबर्ट स्मॉल्स ठेवलं. चॅन्सलर्सव्हिल ही दक्षिणेनं जिंकलेली लढाई होती.

हा सन्मान योग्यच आहे. तरीही युद्धनौकेला नाव देऊन स्मॉल्स यांचं ऋण फिटत नाही. १८९५ च्या घटनेनं मत काढून घेतलं, ते १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत सत्तर वर्षं परत आलं नाही. तिनं शाळाही वर्णानुसार वेगळ्या केल्या, कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा पैशाअभावी मोडक्या ठेवल्या. पण सरकारी शाळा ही कल्पना तिला पुसता आली नाही. १९४० च्या दशकाअखेर याच राज्यातल्या क्लॅरेंडन काउंटीतल्या कृष्णवर्णीय आईबापांनी मुलांसाठी शाळेची बस मागितली. ती नाकारली गेली तेव्हा ते न्यायालयात गेले. त्यांचा दावा १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला त्या निकालातल्या पाच दाव्यांपैकी एक होता. त्या आईबापांना कुणाकडे दया मागावी लागली नाही. राज्यानं प्रत्येक मुलाला शाळा द्यायची आहे, हे तत्त्व त्यांच्या हाती आधीच होतं, आणि ते १८६८ साली त्या राज्याच्या घटनेत लिहून ठेवणाऱ्यांत एक असा माणूस होता, ज्यानं स्वतः अक्षरं पंचविशीत गिरवली.